तारेचा धातू आणि जोडाची परीक्षा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री घडवत होते. त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी वायरमन आजही या तालुक्यात खांबावर चढतात, घरांमधून वायरिंग ओढतात. म्हणून विषय शोधायला मी फार लांब गेलो नाही. विजेच्या तारेला ठरावीकच धातू का वापरतात, तांबं का, अ‍ॅल्युमिनियम का, आणि बाकीचे का नाहीत, एवढाच आजचा प्रश्न आहे.

तांबं सुवाहक आहे म्हणून, हे शाळेतलं उत्तर. ते खरं आहे, पण अपुरं आहे. सुवाहकतेत पहिला नंबर तांब्याचा नाहीच, चांदीचा आहे. तांब्याची वाहकता 100 धरली तर चांदीची 105च्या आसपास येते, सोन्याची 70, अ‍ॅल्युमिनियमची 61 आणि लोखंडाची जेमतेम 17-18. चांदी महाग म्हणून तिच्या तारा करत नाहीत, हे तर कोणीही सांगेल. पण एकदा, एका मोठ्या राष्ट्राने, किंमत बाजूला ठेवून हा प्रयोग खरोखर केला आहे.

1942 साल. अमेरिकेत अणुबाँबचं काम सुरू झालं होतं. टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्यासाठी अवाढव्य विद्युतचुंबक उभारायचे होते. त्यांच्या वेटोळ्यांना हजारो टन तांबं लागणार होतं, आणि युद्धाच्या धामधुमीत तांब्याची टंचाई होती. तेव्हा लष्कराने थेट सरकारी खजिन्याकडे चांदी मागितली. कर्नल केनेथ निकोल्स टनांचा हिशेब घेऊन गेले, आणि खजिन्याचे डॅनियल बेल यांनी त्यांना सुनावलं की आमच्याकडे चांदी ट्रॉय औंसात मोजतात. अखेर सुमारे 14,700 टन चांदी बाहेर निघाली, तिच्या पट्ट्या झाल्या, त्या चुंबकांवर गुंडाळल्या गेल्या. काम उत्तम झालं. युद्धानंतर ही उसनी चांदी टप्प्याटप्प्याने परत गेली, शेवटचा हिस्सा 1970 मध्ये. चांदी वायरिंगला चालते, याचा याहून मोठा पुरावा नको. पण तांब्याची अडचण सरताच तिथेही चांदी मागे गेली. पाच-सहा टक्के जास्त वाहकतेसाठी कितीतरी पट किंमत मोजायची कोणाचीच तयारी नसते.

तेव्हा वाहकता ही पहिली चाळणी आहे, शेवटची नाही. ती ओलांडून आलेल्या धातूला ओढून तार करता आली पाहिजे, ताण सोसता आला पाहिजे, ऊनपावसात टिकता आलं पाहिजे. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्या तारेला, स्क्रूला, लगला तो नीट जोडता आला पाहिजे. तारेची खरी परीक्षा तिच्या मधल्या लांबीत होत नाही, टोकाला होते. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याकडे जाणारं आहे.

आधी थोडं आत डोकावू. धातूच्या तुकड्यात अणू ओळीने, थराने रचलेले असतात आणि प्रत्येक अणूचे बाहेरचे एक-दोन-तीन इलेक्ट्रॉन साऱ्या तुकड्याच्या मालकीचे होऊन मोकळे फिरतात. तांब्याचा प्रत्येक अणू असा एक इलेक्ट्रॉन सोडतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतून नऊएक अँपिअर प्रवाह जात असेल तर हे इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला पाव मिलिमीटर एवढेच पुढे सरकतात. बटण दाबताच दिवा लागतो तो इलेक्ट्रॉन धावत जातात म्हणून नव्हे, तर विद्युतक्षेत्र तारेच्या बाजूने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरतं आणि सगळ्या तारेतले इलेक्ट्रॉन एकदमच हलू लागतात म्हणून.

आता गंमत पाहा. अ‍ॅल्युमिनियमचा अणू एक नव्हे, तीन इलेक्ट्रॉन सोडतो. तेवढ्याच आकाराच्या तुकड्यात तांब्याच्या दुपटीहून जास्त मुक्त इलेक्ट्रॉन असतात, आणि तरीही वाहकता कमी. कारण इलेक्ट्रॉन किती आहेत यापेक्षा ते न अडखळता किती लांब जाऊ शकतात, हे जास्त मोलाचं. साध्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन अडखळण्यापूर्वी सुमारे 40 नॅनोमीटर जातो. म्हणजे शेदीडशे अणू ओलांडून. जालक अगदी निर्दोष आणि स्थिर असतं तर तो अडखळलाच नसता. पण उष्णतेने अणू थरथरतात, आणि जितकी थरथर जास्त तितका रोध जास्त. तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के वाढतो. म्हणून चंद्रपुरात मे महिन्यात 45 अंशाला तापलेली तार 20 अंशाच्या मानाने दहा टक्के जास्त रोध दाखवते, आणि नेमकी त्याच दिवसांत कूलरची आणि एसीची मागणी शिगेला असते.

लोखंड का मागे पडतं, तेही इथेच कळतं. तांबं, चांदी, सोनं या तिघांच्या अणूंत आतली कवचं पूर्ण भरलेली असतात आणि बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो. लोखंडातलं आतलं एक कवच अर्धवट रिकामं असतं, आणि वाहणारे इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागांत सारखे अडकत राहतात. नेव्हिल मॉट यांनी 1936च्या सुमारास हे स्पष्टीकरण दिलं. त्याहून पुढे जाऊन निकेल आणि क्रोमियम एकत्र वितळवलं की अणूंची सगळी रांगच विस्कटते. त्या मिश्रधातूचा, म्हणजे नायक्रोमचा, रोध तांब्याच्या साठपट. इस्त्रीत आणि गिझरच्या कॉइलमध्ये तोच लागतो, कारण तिथे आपल्याला उष्णताच हवी असते.

अणूंची रांग विस्कटली की वाहकता घसरते, ही गोष्ट लोकांना कळली ती समुद्राच्या तळाशी. 1857-58 मध्ये अटलांटिकखालून पहिली तार टाकण्याचा खटाटोप चालू होता. गटापर्चाच्या वेष्टनात तांब्याची तार. विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले ते, ग्लासगोत बसून निरनिराळ्या कारखान्यांच्या तारा मोजत होते. त्यांना आढळलं की दिसायला सारख्या, जाडीला सारख्या तारांच्या वाहकतेत फार मोठी तफावत आहे. तोवर व्यापारात तांबं म्हणजे तांबं. भांडं झालं, खिळा झाला, जहाजाच्या तळाचा पत्रा झाला, तर कोणी शुद्धतेची एवढी चौकशी करत नसे. विजेने ती चौकशी भाग पाडली.

1858च्या ऑगस्टमध्ये तार जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश अमेरिकेत पोचायला सुमारे सोळा तास लागले. संदेश इतका मंद आणि पुसट येत होता की वाइल्डमन व्हाइटहाउस या विद्युततज्ज्ञाने जवळजवळ 2,000 व्होल्टचे धक्के देऊन तो रेटण्याचा प्रयत्न केला. तीनेक आठवड्यांत तार कायमची मुकी झाली. 1866 मध्ये ग्रेट ईस्टर्न जहाजाने जी यशस्वी तार टाकली तिच्यात दर सागरी मैलाला 300 पौंड तांबं होतं. 1858च्या तारेत ते 107 पौंड होतं. आणि या वेळी तांब्याची वाहकता मोजून, पारखून घेतलेली होती.

मधल्या वर्षांत ऑगस्टस मथिसन या रसायनशास्त्रज्ञाने शुद्ध तांब्यात एकेक पदार्थ अगदी थोडा-थोडा मिसळून मोजमापं घेतली. निष्कर्ष एकच आला: शुद्ध तांब्यात काहीही मिसळा, वाहकता कमीच होते. चांदी मिसळली तरीसुद्धा. आर्सेनिक आणि फॉस्फरस तर सगळ्यात वाईट. याचा नमुना आपल्या घरातच आहे. एसीला जोडलेली तांब्याची नळी आणि भिंतीतली तांब्याची तार सारखीच लाल दिसतात. पण नळीच्या तांब्यात झाळकाम नीट व्हावं म्हणून फॉस्फरस घालतात, शंभर ग्रॅममागे काही मिलिग्रॅम फक्त. तेवढ्यानेच त्याची वाहकता पंधरा-वीस टक्क्यांनी उतरते. त्या नळीच्या तांब्याची तार ओढली तर ती वायरिंगला नापास होईल.

मग इतकं शुद्ध तांबं आणायचं कुठून? हे काम विजेनेच केलं. 1865 मध्ये जेम्स एल्किंग्टन यांनी विद्युत अपघटनाने तांबं शुद्ध करण्याचं पेटंट घेतलं. अशुद्ध तांब्याची जाड पाटी एका बाजूला, शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा दुसऱ्या बाजूला, मध्ये मोरचूद आणि गंधकाम्ल. प्रवाह सुरू केला की तांबं एका पाटीवरून सुटतं आणि दुसरीवर बसतं. सोनं-चांदी तळाला गाळात राहते. आज तारेचं बहुतेक तांबं असंच येतं. 1913 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने चांगल्या तांब्याची वाहकता म्हणजे 100 टक्के असं प्रमाण ठरवलं. शुद्धीकरण पुढे इतकं सुधारलं की आजचं तांबं त्या मापावर 101 टक्के भरतं.

आपल्या देशात मात्र सुरुवात लोखंडाने झाली. विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरने 1839 मध्ये कलकत्त्यात तारायंत्राचे प्रयोग केले, आणि 1850च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडणारं जाळं उभं केलं. त्याने सुरुवातीला बोटाएवढ्या जाड लोखंडी सळया वापरल्या. माकडं लटकली, मोठे पक्षी बसले, वादळ आलं, तरी त्या टिकाव्यात हा त्याचा विचार होता. तारायंत्राचा प्रवाह अगदी थोडा, त्यामुळे लोखंडाचा रोध तिथे सोसवला. शिवाय त्या काळच्या नरम तांब्याची तार दोन खांबांमध्ये स्वतःच्याच वजनाने लांबत जाई. ओ'शॉनेसीचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याने पुस्तकातला उत्तम धातू न घेता त्या खांबाला, त्या हवेला, त्या प्रवाहाला जो पुरेल तो घेतला.

तांब्याच्या नरमपणावर उपाय निघाला तो तांब्यातूनच. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही मठारकाम चालतं. पत्र्याला भांड्याचा आकार दिल्यावर तांबट त्यावर हातोडीचे ठोके घालत जातो. ते ठोके शोभेपुरते नसतात. मठारल्याने तांबं कडक होतं आणि हंडा पोचे न येता वर्षानुवर्षं टिकतो. फार कडक झालं तर भट्टीत लाल करायचं, की पुन्हा नरम. तार ओढताना हेच घडतं. जाड गज एकाहून एक बारीक भोकांच्या डायमधून ओढत नेला की प्रत्येक ओढीला तांबं कडक होत जातं. 1877च्या सुमारास अमेरिकेत थॉमस डूलिटल यांनी तार शेवटी नरम न करता तशीच कडक ठेवली, आणि तांब्याच्या तारा खांबांवर तग धरू लागल्या. ताकद खूप वाढते, वाहकता मात्र दोन-तीन टक्केच घटते. हा सौदा तांब्याइतका स्वस्तात फार थोडे धातू देतात. घरातल्या वायरला हेच तांबं भट्टीतून काढून नरम केलेलं असतं, म्हणून ती पाइपातून सहज वळते.

कडक ओढलेलं तांबं जवळून पाहायचं असेल तर मुंबईच्या लोकलच्या फलाटावर मान वर करा. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, 1,500 व्होल्ट डीसीवर. आज ते मार्ग 25,000 व्होल्ट एसीवर आहेत. वर दोन तारा दिसतील. वरची किंचित झोळ खाल्लेली, तिला कॅटेनरी म्हणतात. तिच्या तांब्यात ताकदीसाठी थोडं कॅडमियम घातलेलं असतं. खालची अगदी सरळ, ती काँटॅक्ट वायर, 107 चौरस मिलिमीटरची, कडक ओढलेल्या तांब्याची. तिच्या दोन्ही बाजूंना खाच असते, म्हणजे क्लिप वरच्या वर पकडते आणि पँटोग्राफला खालून गुळगुळीत पोट मिळतं. प्रत्येक तार सुमारे एक हजार किलो बलाने ताणलेली असते. खांबाच्या कडेला लोंबणारी वजनं हा ताण उन्हाळ्या-हिवाळ्यात कायम ठेवतात. आणि ही तार रुळाच्या बरोबर मधून जात नाही. ती खांबागणिक थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, साधारण वीतभर सरकत जाते, म्हणजे पँटोग्राफची कार्बनची पट्टी एकाच जागी घासून कापली जात नाही.

इथे अ‍ॅल्युमिनियम का नाही? कारण ही तार म्हणजे अख्खा एक जोडच आहे. गाडी धावते तेव्हा दर क्षणाला नवा स्पर्श, नवी घासण, मधूनच ठिणगी. तांबं घासलं गेलं तरी खालून चकाकतं तांबंच निघतं, आणि त्यावर येणारा गंजाचा थर पातळ आणि प्रवाहाला फार न अडवणारा. डीसीच्या काळात तीच तार 193 चौरस मिलिमीटरची लागे, कारण तेवढ्याच शक्तीसाठी 1,500 व्होल्टला 25,000 व्होल्टच्या सोळापटीहून जास्त प्रवाह लागतो.

आता अ‍ॅल्युमिनियमकडे येऊ. पृथ्वीच्या कवचात धातूंमध्ये सगळ्यात जास्त तेच, पण ऑक्सिजनला इतकं घट्ट धरून बसलेलं की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते मौल्यवान धातूंच्या पंक्तीत होतं. 1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, एकच युक्ती शोधली: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अ‍ॅल्युमिना विरघळवायचा आणि त्यातून प्रचंड वीज सोडायची. दोघांचा जन्म 1863चा आणि मृत्यू 1914चा. आजही एक किलो अ‍ॅल्युमिनियमला 13 ते 15 युनिट वीज लागते. वीज वाहणारा धातू विजेशिवाय हातात येत नाही.

आपल्या राज्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडीकडे घाटमाथ्याची जी लाल सपाट पठारं आहेत, त्यांच्यात बॉक्साइट आहे, आणि ते वर्षानुवर्षं बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याला गेलं. तांब्याची आपल्याकडे तशी सुबत्ता नाही. विदर्भाच्या सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची मोठी खाण आहे, रायगड जिल्ह्यात तळोज्याला तांब्याचा अखंड गज ओतण्याचा कारखाना सरकारी कंपनीने उभारला. पण देशाची गरज त्यातून भागत नाही, बाहेरून आणावं लागतं. तारेचा धातू ठरवताना भूगर्भाचाही शब्द चालतो तो असा.

खांबांवरच्या तारेत अ‍ॅल्युमिनियम का जिंकलं, याचा हिशेब साधा आहे. तेवढाच रोध हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या सव्वा ते दीड पट नव्हे, छेदाने 1.6 पट जाड लागते. पण घनता तांब्याची 8.96 आणि अ‍ॅल्युमिनियमची 2.70. त्यामुळे जाड होऊनही वजन तांब्याच्या निम्मंच भरतं. मोकळ्या हवेत जाडीची अडचण नाही. उलट खूप उच्च दाबाला जाड तार बरी, तिच्याभोवती हवेतला विसर्ग कमी होतो. राहिला प्रश्न ताकदीचा. तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुटला: मधोमध जस्त चढवलेल्या पोलादी तारा, त्यांच्यावर पिळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या. ताण पोलादाने घ्यायचा, प्रवाह अ‍ॅल्युमिनियमने वाहायचा.

आमच्या लाइनमन मंडळींच्या तोंडी या तारांची नावं ब्रिटिश पद्धतीची, प्राण्यांची आहेत. गावातल्या लाइनीला विझल किंवा रॅबिट, 33 केव्हीला डॉग, 132 केव्हीला पँथर, 220 केव्हीला झेब्रा, 400 केव्हीला मूस. रॅबिटचा तुकडा हातात घेतला तर मध्ये एक पोलादी तार आणि भोवती सहा अ‍ॅल्युमिनियमच्या, सगळ्या 3.35 मिलिमीटरच्या. पँथरमध्ये सात पोलादी आणि तीस अ‍ॅल्युमिनियमच्या, एका किलोमीटरला जवळजवळ 975 किलो. मूसचं वजन किलोमीटरला दोन टन. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने आतलं पोलाद गंजतं, म्हणून किनाऱ्याजवळ पोलाद नसलेली, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची तार बरी पडते.

मग जे खांबावर इतकं चांगलं, ते घरात का नको? इथे मी आज सर्वांत जास्त वेळ देणार आहे.

अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडं पडताच क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर येतो. डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ, पण अतिशय कठीण आणि पक्का विद्युतरोधक. हाच थर त्याला गंजण्यापासून वाचवतो आणि हाच जोडात आडवा येतो. दुसरी गोष्ट, अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली दाबून ठेवलं की ते महिनोन्‌महिने हळूहळू बाजूला सरकत राहतं. आज घट्ट आवळलेला स्क्रू वर्षाने ढिला सापडतो. तिसरी, ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. रोज संध्याकाळी लोड आला की फुगायचं, रात्री निवलं की आकसायचं. प्रत्येक फेरीत पकड थोडी सुटते आणि फटीत नवा ऑक्साइड जमतो. चौथी, तांब्याला थेट पीळ मारून जोडलं आणि पावसाळ्याची ओल लागली की त्या जागी विद्युतरासायनिक झीज सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. वीजवितरणातल्या माझ्या नोकरीत पहिल्या पावसाच्या तक्रारींत अशाच जोडांची गर्दी असे. खांबावर प्रशिक्षित माणूस असतो. तो तार ब्रशने घासतो, ग्रीस लावतो, बायमेटॅलिक क्लँप घालतो, हायड्रॉलिक यंत्राने दाबतो. घरात मात्र स्विचच्या मागे शेकडो छोटे स्क्रू असतात, आणि एकदा प्लेट बसली की वीस वर्षं कोणी उघडत नाही.

आकडे मांडून पाहू. दोन हजार वॅटचा गिझर साधारण 8.7 अँपिअर घेतो. बोर्डापासून न्हाणीघरापर्यंत पंधरा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीस मीटर तार. तांब्याची अडीचची वायर असेल तर एकूण रोध पाव ओहमपेक्षा किंचित कमी, आणि सगळ्या तारेत मिळून उष्णता सुमारे 18 वॅट. तीस मीटरवर पसरलेली, कोणाला जाणवतही नाही. त्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियम असेल तर 30 वॅट, लोखंड असेल तर शंभराच्या घरात. इथवर फरक तारेचा. आता समजा, एका जोडाचा रोध बिघडून फक्त अर्धा ओहम झाला. त्या एका बिंदूवर जवळजवळ 38 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. स्विचबॉक्समध्ये, प्लॅस्टिकला चिकटून, एवढी उष्णता रोज अर्धा तास. आणि एमसीबी पडणार नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नाही. अर्थिंगकडे गळती नाही म्हणून आरसीसीबीही पडणार नाही. दोन्ही संरक्षणांच्या नजरेआड ही आग शिजत राहते.

अमेरिकेने याची फार मोठी किंमत मोजली. तांब्याचे भाव चढले म्हणून साधारण 1965 ते 1973 या काळात तिथे लाखो घरांत अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग झालं. पुढे तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने जाहीर केलं की 1972 पूर्वी अ‍ॅल्युमिनियम वायरिंग केलेल्या घरांत एखादा तरी जोड आगीच्या धोक्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या 55 पट आहे. 28 मे 1977 रोजी केंटकी राज्यात बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला आग लागून 165 माणसं गेली, आणि कारणांच्या शोधात अ‍ॅल्युमिनियम वायरिंगचं नाव पुढे येऊन मोठे खटले चालले. आपल्याकडेही परकीय चलनाच्या तंगीत तांबं दुर्मीळ होतं, तेव्हा लाकडी पट्टीवर ठोकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग घरोघर झालं. त्या काळी घरात चार दिवे, एक पंखा आणि रेडिओ एवढाच लोड असे, त्यामुळे ते निभावलं. आज त्याच वायरिंगवर गिझर, मिक्सर, इंडक्शनची शेगडी आणि एसी चालतात.

मोटारीच्या वेटोळ्यांबद्दल थोडक्यात. तिथे खाचेत जागा मर्यादित, म्हणून कमी जागेत जास्त प्रवाह वाहणारं तांबंच सरस. शेतकऱ्याने पंप रिवाइंडिंगला दिला तर तार कोणती भरली, हे समोर उभं राहून पाहावं. डीपीतल्या तारा आणि विहिरीवरच्या केबली चोरीला जातात त्याही याच धातूच्या किमतीपायी, आणि ऐन रब्बीत पिकं वाळतात ती शेतकऱ्याची.

माझं मत स्पष्ट आहे. खांबावर आणि मोठ्या फीडरला अ‍ॅल्युमिनियम योग्यच, तिथे तांब्याचा हट्ट धरणं म्हणजे पैसा उधळणं. घरात मात्र तांबंच हवं, आणि ते त्याच्या 100 विरुद्ध 61 या वाहकतेसाठी नव्हे. तार जाड घेऊन तो फरक भरून काढता येतो. तांबं हवं ते साध्या स्क्रूखाली, साध्या हातांनी केलेला जोड ते वर्षानुवर्षं सांभाळतं म्हणून.

बाजारात हल्ली अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही मिळते. तिची परीक्षा सोपी आहे. एक तंतू चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं तर घेऊ नका. दुसरी परीक्षा वजनाची. अडीच चौरस मिलिमीटरच्या, 90 मीटरच्या गुंडाळीत नुसतं तांबंच दोन किलो असतं. गुंडाळी त्याहून हलकी भरली तर एक तर धातू खोटा आहे किंवा जाडी.

आणि ज्यांच्या घराचं वायरिंग पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं आहे, त्यांना हात जोडून विनंती. दिवाळीच्या रंगकामाआधी परवानाधारक वायरमनला बोलवा, मेन बंद करून गिझरचे, एसीचे आणि स्वयंपाकघराचे पॉइंट उघडून घ्या. कुठे प्लॅस्टिक पिवळं-काळं पडलंय का, स्क्रू ढिला आहे का, तांब्याला अ‍ॅल्युमिनियम थेट पिळलंय का, हे समोर उभं राहून पाहा. दीडच्या वायरवर गिझर चालत असेल तर ती काढून अडीचची किंवा लोडप्रमाणे चारची ओढून घ्या. भिंतीच्या रंगाचा खर्च एक वर्ष पुढे ढकलता येतो, हा ढकलू नका.